एमसीबी बसवला की झटका लागत नाही म्हणे!

माझी आत्या लालबागला चाळीत राहते. एकाहत्तरीची आहे, एकटी आहे. गेल्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. "तुझ्या माणसाला पाठवू नकोस आता. ग्रुपवर आलंय, घरातल्या कामाला लायसनवाला लागतच नाही. खालच्या दुकानातल्या पोराने गिझर लावून दिला, दोनशे रुपयांत." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "नळाला हात लावला की जरा झिणझिण्या येतात, तेवढंच. झटका नाही रे."

तिला म्हटलं, आधी मेन बंद कर, मोरीत पाऊल टाकू नकोस, मी निघालोच. मेसेज वाटेत सिग्नलला वाचला. तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. "वीजग्राहकांनो, जागे व्हा!" अशी सुरुवात, शेवटी हात जोडलेले. मध्ये पाच दावे. वायरमनच्या लायसनचा नियम इंग्रजांचा असून २००३ मध्ये रद्द झाला. आपल्या घरात आपण कुणाकडूनही काम करून घेऊ शकतो. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) असेल तर झटका लागूच शकत नाही, त्यामुळे अर्थिंग (गळका करंट जमिनीत नेणारी वायर) वगैरे सगळा धंदा. लायसन पैसे देऊन मिळतं, खरा कारागीर अनुभवाचा. आणि सोसायटीला किंवा उत्सव मंडळाला लायसन मागायचा अधिकारच नाही.

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना आहे आणि सुपरवायझरचं सर्टिफिकेटही. माझं पोट यावरच चालतं. तेवढ्यावरून मी खोटं बोलतोय असं ज्यांना वाटेल त्यांनी इथेच थांबावं.

बाकीचे दावे नंतर बघू. तिसरा आधी, कारण त्याने माणूस मरतो.

एमसीबी वायरला सांभाळतो, तुम्हाला नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा अँपिअरच्या बराच वर करंट गेला, किंवा शॉर्ट झालं, की पडणारा स्विच. वायर तापून पेटू नये एवढंच त्याचं काम. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणसाला किती लागतो? दहा-पंधरा मिलिअँपिअरला मूठ आवळली जाते, सोडावंसं वाटलं तरी सुटत नाही. तिशीच्या पुढे छातीचा खेळ सुरू होतो. म्हणूनच झटक्यापासून वाचवणारं जे उपकरण असतं, आरसीसीबी, ते घरासाठी तीस मिलिअँपिअरचं घेतात. तीस आणि सोळा हजार. पाचशे पटींहून जास्त फरक, आणि मेसेज लिहिणाऱ्याला दोन्ही डबे सारखेच दिसले. दिसतातही सारखे, हे मान्य. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं टेस्टचं बटण असतं. तुमच्या बोर्डात ते नसेल, तर झटक्यापासून वाचवणारं तिथे काहीही नाही.

आता आत्याच्या मोरीत चला.

नवा कोरा इन्स्टंट गिझर, तीन किलोवॉटचा. म्हणजे तेरा अँपिअर. पॉवर पॉइंटचं कव्हर उघडलं तर आत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर. लूप. जुन्या चाळींत मीटरपासून खोलीपर्यंत दोनच वायरी येतात, करंट आणणारी फेज आणि न्यूट्रल, अर्थ नसतेच. मग तीन पिनांच्या सॉकेटची वरची पिन रिकामी राहू नये म्हणून ती न्यूट्रलला जोडून टाकायची.

पोराला बोलावलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, घाबरला होता, पण उत्तर प्रामाणिक दिलं. "फेज आणि अर्थमध्ये टेस्टलॅम्प लावला तर पेटत नव्हता. शेठ बोलले, अर्थिंग नाही तर लूप मार. लूप मारल्यावर पेटला." म्हणजे अर्थिंगची 'टेस्ट' पास. त्याला असंच शिकवलंय.

या लूपने काय होतं ते सांगतो. गिझरचा धातूचा भाग अर्थ पिनेला जोडलेला, अर्थ पिन न्यूट्रलला. न्यूट्रल धड आहे तोवर काही कळत नाही. आत्याच्या जिन्याखालच्या कटआउटमध्ये (फ्यूजच्या डब्यात) न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, वायर काळी पडलेली. गिझर चालू केला की त्या सांध्यावर व्होल्टेज अडायचं आणि लूपमधून सरळ नळावर यायचं. मल्टिमीटर लावला, नळ आणि मोरीची ओली फरशी यांच्यात चाळीस व्होल्टच्या आसपास. याच त्या झिणझिण्या.

तो सांधा पुरता तुटला असता तर फेजचा करंट कॉइलमधून न्यूट्रलवर, तिथून लूपने गिझरच्या अंगावर आणि नळावर. पूर्ण दोनशे तीस व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध हजार-दीड हजार ओहम धरा. दीडशे ते सव्वादोनशे मिलिअँपिअर माणसातून जातात. आणि एमसीबी? त्याच्या लेखी ०.२ अँपिअर म्हणजे कुणीतरी लहानसा पंखा लावला. तो पडणारच नाही. आत्या पडली असती.

देशात विजेच्या धक्क्याने गेली काही वर्षं दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, हा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा आहे. "धंदा" म्हणणाऱ्यांनी तो एकदा बघावा.

आता पहिला दावा. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९१० चा विद्युत कायदा इंग्रजांचाच होता आणि २००३ च्या कायद्याने तो खरोखर गेला. पण लायसनचा जो नियम सगळे सांगतात तो १९५६ च्या नियमावलीतला, ४५ वा. १९५६ साली इथे कुठले इंग्रज? आणि २००३ मध्ये तो मेला नाही. जुने नियम तोवर चालू राहिले, २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे नवे विनियम काढले त्यात हेच कलम आलं, २०२३ मध्ये ते विनियम पुन्हा नव्याने काढले त्यातही आहे. गाभा तोच: राज्य सरकारचं लायसन असलेला ठेकेदार, त्याच्या कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर, आणि हातात पकड धरणारा माणूस परवानाधारक. नवीन काम, वाढीव काम, फेरफार, दुरुस्ती, सगळं त्यात येतं.

दुसऱ्या दाव्याचं उत्तरही त्याच कलमात आहे, आणि मेसेजवाल्याने बहुतेक तिथूनच अर्धी ओळ उचलली आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, अडीचशे व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलायला लायसनवाला लागत नाही. पण कधी? मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तेव्हा. जुना पंखा काढून नवा लावा, खुशाल लावा. जिथे आजवर पंधरा वॉटचा दिवा होता तिथून वायर ओढून तीन किलोवॉटचा गिझर टांगणं हे 'बदलणं' नव्हे. आत्याच्या मोरीतला तो पॉइंट दिव्याच्या एक चौरस मिलिमीटरच्या वायरवरूनच घेतला होता. हात लावला तर गरम.

चौथ्या दाव्यावर मला गप्प बसता येत नाही, पण छाती ठोकून नाही म्हणतासुद्धा येत नाही. लायसन भाड्याने मिळतं. जागेवर पाऊल न टाकता वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर शिक्का मारून देणारे ठेकेदार मुंबईत आहेत, दर ठरलेले आहेत, आम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहेत. आणि ज्या मिस्त्रीकडे मी पाइप वाकवायला शिकलो त्यांच्याकडे कागदाचा कपटा नव्हता. त्यांच्याइतकं साफ काम मी अजून पाहिलेलं नाही. पण ते मिस्त्री लूप मारत नसत, आणि हे तुम्हाला बाहेरून कळणार कसं? अनुभव तर दुकानाच्या शेठलाही वीस वर्षांचा आहे. वीस वर्षं तो लूपच मारतोय. परवान्याला आयटीआय किंवा परीक्षा लागते, तिथे निदान अर्थ आणि न्यूट्रल वेगळे का ठेवायचे हे एकदा तरी लिहावं लागतं. शिवाय कागदावर नाव आणि नंबर असतो. घोटाळा झाला तर लायसन देणाऱ्या अनुज्ञापक मंडळाकडे तक्रार करता येते, लायसन जाऊ शकतं. दोनशे रुपयेवाल्याचं काय जाणार?

पाचव्यावर फार वेळ घालवत नाही. वीज कंपनीकडे, मग ती बेस्ट असो, अदानी असो की महावितरण, नव्या कनेक्शनचा अर्ज करा. लायसनधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतातच. मंडपाच्या तात्पुरत्या कनेक्शनलाही. भर पावसात लोखंडी पाइपांचा मंडप, त्याला लायटिंगच्या माळा गुंडाळलेल्या, खाली रांगेत पोरंबाळं. तिथे मंडळाने लायसन मागायचं नाही तर काय मागायचं, वर्गणी?

आत्याकडे मी लूप तोडला, गिझरची वायर काढली, कटआउटमधला सांधा नवा करून घेतला. आरसीसीबी बसवला, दोन हजारांच्या आसपास गेले, ती अजून कुरकुरते आहे. गिझर मात्र बंदच ठेवलाय. त्याला मीटरपासून जाड वायर ओढायची आहे आणि खरी अर्थ हवी, त्यासाठी चाळीच्या मागच्या अंगणात खड्डा घेऊन अर्थिंगची पट्टी वर आणावी लागेल. खड्ड्याला कमिटीची परवानगी लागते. ग्रुपवर तो मेसेज टाकणारे कमिटीचे सेक्रेटरीच. अर्ज सोमवारी त्यांच्या हातात दिलाय, पोच घेतली आहे. तोवर आत्या गॅसवर पाणी तापवते.