‘गोळीच तर घ्यायची असते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘तुकोगंजातला एक वाचक’ एवढीच ओळख देऊन आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी गेल्या चार दिवसांत अनेकदा वाचली. कर्करोगावरची लक्ष्यवेधी औषधे, म्हणजे रोगाच्या पेशीतल्या नेमक्या बिघाडावर नेम धरणारी औषधे, आणि ती घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती या विषयावरचा माझा लेख आपल्याला पटला नाही, आणि का पटला नाही हे आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडते. लक्ष्यवेधी औषध म्हणजे बहुधा घरी बसून घ्यायची गोळी. कीमोसारखे केस गळणे नाही, वॉर्डात पडून राहणे नाही, मग मनाचे एवढे कोडकौतुक कशाला, असे आपण विचारता. जिथे गोळीच परवडत नाही तिथे मनाची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक आहे आणि हे सारे संशोधन परदेशी माणसांवरचे आहे, असाही आपला आक्षेप आहे. शेवटी आपण लिहिलेत, की आपल्या पत्नी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेल्या, त्या अखेरपर्यंत खंबीर होत्या, आणि ‘मन खंबीर असेल तर औषध अधिक चांगले लागू पडते’ हे माझे वाक्य वाचून आपण लेख तिथेच मिटलात.

मी या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण तिथे आपले बरोबर आहे आणि माझे चुकले आहे. ते वाक्य मी लिहायला नको होते. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईला ‘लिहिण्याच्या ओघात राहून गेले’ अशी सबब सांगता येत नाही. या समजुतीचा इतिहासही मला माहीत होता. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड स्पीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळे करत, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९ महिने, असे त्यात दिसले. ही बातमी जगभर पसरली. पुढे २००१ साली कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा आयुष्यात काहीही फरक आढळला नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. पहिली बातमी लोकांच्या डोक्यात राहिली आणि दुसरी राहिली नाही, आणि म्हणून आजही रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदांच्या पिशवीबरोबर ‘मन घट्ट ठेव, बरी होशील’ हा सल्ला देऊन जातो. त्या सल्ल्याची उलटी बाजू, म्हणजे जी बरी झाली नाही तिचे मन घट्ट नव्हते हा अर्थ, आपल्याला किती लागला असेल याची मला कल्पना आहे. मूळ लेखातून ते वाक्य मी काढले आहे आणि त्या जागी ते का काढले याची ओळ घातली आहे.

मात्र मनाने गाठ विरघळत नाही हे मान्य केल्यावर मनाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही, हा आपला पुढचा निष्कर्ष मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये कर्करोगाबरोबर तीव्र नैराश्य जडलेल्या ५०० रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित परिचारिका आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून पद्धतशीर उपचार दिले, तर बाकीच्यांवर नेहमीप्रमाणे त्यांच्या डॉक्टरांवर सोपवून उपचार झाले. सहा महिन्यांच्या आत पहिल्या गटातल्या ६२ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले, दुसऱ्या गटात १७ टक्क्यांचेच उतरले. आयुष्य वाढले का, हेही त्याच संशोधकांनी नंतर तपासले आणि वाढल्याचे दिसले नाही, असे सरळ लिहिले. आता हा उपचार वाया गेला असे म्हणायचे का? गुडघा दुखणाऱ्याला आपण औषध देतो, तेव्हा त्याने तो किती वर्षे जास्त जगेल असे विचारत नाही.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे ‘गोळीच तर घ्यायची असते’ याकडे येते. मला वाटते सगळी गोम या ‘तर’मध्ये आहे.

कीमो होती तेव्हा उपचार रुग्णालयाच्या ताब्यात होता. तारीख ठरलेली, खुर्ची ठरलेली, सुई परिचारिकेच्या हातात. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबईला पोहोचायचे आणि परळला टाटा रुग्णालयात नंबर लावायचा, हे इंदूरच्या कित्येक घरांनी केले आहे, आणि त्यात कितीही हाल असले तरी औषध शरीरात गेले की नाही हा प्रश्न रुग्णावर सोडलेला नसे. लक्ष्यवेधी गोळीने तो प्रश्न आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

इमॅटिनिब या गोळीचेच उदाहरण घेते. ती ज्यावर देतात त्या दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगात, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्या आखूड झालेल्या गुणसूत्राचा शोध १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांनी लावला आणि अदलाबदलीचा उलगडा १९७३ साली जॅनेट राउली यांनी केला. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशीला अखंड वाढण्याचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत जाऊन बसते आणि हुकूम थांबवते. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या आजारात पूर्वी काही वर्षांचा हिशेब असे, त्यात या औषधाने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी ८३.३ टक्के हयात होते. मात्र ते हुकूम थांबवते, त्या पेशींचे मूळ बहुतेकांच्या शरीरातून पुरते उपटत नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची, बहुतेकांनी वर्षानुवर्षे.

हे मला पुस्तकातूनच कळलेले नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई हे औषध घेतात. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. पहिले वर्ष सगळे छान चालले आहे असे आम्ही धरून चाललो होतो. या औषधाने डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात आणि काहींच्या त्वचेचा रंग उजळतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्यांना ‘किती गोऱ्या झालात, तेज आले आहे’ म्हणत आणि जाऊबाई हसून ओटी घेत. घरी आल्यावर आरशासमोर उभे राहणे त्यांनी बंद केले होते, हे आम्हाला फार उशिरा समजले. पुढे रक्तातल्या बीसीआर-एबीएलच्या तपासणीचा आकडा जेवढा खाली यायला हवा तेवढा आला नाही, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या मोजायला सांगितल्या, आणि त्या उरलेल्या निघाल्या. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे असते, रिकाम्या पोटी मळमळते. जाऊबाई महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि संकष्टी कडक करतात. जेवण नाही म्हणून गोळी नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

महिन्यातले तीन दिवस म्हणजे दहा टक्के. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात उघडझाप नोंदवणारे यंत्र बसवले होते. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यात सहा वर्षांत औषधाचा खोलवर परिणाम दिसण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली, आणि नव्वद किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. अभ्यास छोटा आहे आणि त्यावर फार मोठी इमारत उभारू नये हे मला कळते. तरी आमच्या एकादश्या त्याच उंबरठ्यावर बसल्या होत्या आणि श्रावणातले सोमवार त्याच्याही खाली जात होते, हे वाचून मी हादरले.

गोळी का चुकते याची कारणे शोधायला गेले की माणूस हटकून मनापाशी पोहोचतो. कोणाला विसर पडतो, कोणाला थकवा असह्य होतो, कोणाला रोज रात्री ती पट्टी हातात घेणे म्हणजे आजाराची रोज नव्याने आठवण वाटते. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, जे परदेशी प्रश्नावलीत सहसा नसते. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांना कर्करोगाचे नाव सांगितलेच नव्हते. मुलगा दवाबाजारातून औषध आणायचा, खोका बाहेरच टाकून द्यायचा आणि ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून द्यायचा. दोन महिन्यांत आजोबांना बरे वाटू लागले आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या, कारण ताकद आल्यावर ताकदीची गोळी कोण घेतो? प्रेमापोटीच केलेली लपवाछपवी कीमोच्या काळात कशीबशी निभावून जात असे. रोजच्या गोळीच्या उपचारात ती औषधाच्याच आड येते.

शिवाय काही वेळा औषधच मनाला जाऊन भिडते. एएलके जनुकातील बदलामुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगावर लॉरलॅटिनिब देतात. ते मुद्दाम मेंदूपर्यंत पोहोचेल असे घडवलेले आहे, कारण हा रोग मेंदूत पसरतो. आणि मेंदूत पोहोचते म्हणूनच काहींमध्ये चिडचिड, उदासी, शब्द न आठवणे असे परिणाम दिसतात. मात्रा थांबवली किंवा कमी केली की ते बहुधा ओसरतात. घरच्यांना हे सांगितलेले नसेल तर ते म्हणतात, ‘आजाराने स्वभाव बिघडला.’ उलट दिशेनेही सावध राहावे लागते. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध यकृतातल्या एका विकराकडून (एन्झाइमकडून) आपल्या प्रभावी रूपात बदलते, आणि पॅरॉक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध नेमका तोच विकर अडवते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला कर्करोगाच्या गोळीचे नाव आणि कर्करोगतज्ज्ञाला मनाच्या गोळीचे नाव ठाऊक असणे आवश्यक आहे. एकाच पिशवीतले दोन कागद एकमेकांना दाखवणे हे काम आज बहुतेक घरांत रुग्णाच्या सुनेकडे किंवा मुलीकडे असते.

पैशाबद्दल आपण लिहिले आहेत त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचा खर्च एके काळी महिन्याला लाखाच्या वर होता आणि भारतीय कंपन्यांची गोळी त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आमच्यासारख्या घरांना हे औषध झेपते. नव्या औषधांचे तसे झालेले नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या ऑसिमर्टिनिबसह तीन कर्करोग-औषधांवरचे सीमाशुल्क उठवले तरी ती मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच आहेत. माझे म्हणणे एवढेच, की माळव्यातली शेती विकून गोळी आणणाऱ्या मुलाकडे पाहत ती गोळी गिळणारा बाप जे सोसतो, तेही मनाच्याच खात्यात येते. पैसा आणि मन अशी दोन वेगळी खाती आपण मांडलीत, ती मला वेगळी दिसत नाहीत.

संशोधन परदेशी आहे, हे मनाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. औषधांच्या बाबतीत तितके नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जेफिटिनिब या लक्ष्यवेधी गोळीच्या जोडीला कीमो दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला, मात्र तीव्र दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. ही निवड करताना रुग्णाला काय वाटते, हे विचारल्यावाचून डॉक्टरने पुढे कसे जायचे? आपल्या पत्नींना हा प्रश्न कोणी विचारला होता का, हे मी आपल्याला विचारणार नाही. फुप्फुसाच्याच कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा २०१० सालचा बॉस्टनमधला अभ्यास मात्र इथे सांगते. निदानानंतर लगेच वेदनाशमन आणि आधार देणारे पथक जोडून दिले, तेव्हा नैराश्याची लक्षणे ३८ ऐवजी १६ टक्क्यांत दिसली. ते रुग्ण सरासरीने थोडे अधिक जगलेही, पण त्यावरून पुन्हा ‘खंबीर मना’चे तेच वाक्य लिहिण्याची चूक मी करणार नाही. अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर शरीराला झेपणार नाहीत असे उपचार कमी झाले होते, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

आपण विचाराल, की जाऊबाईंचे ‘मन सांभाळून’ नेमका काय फरक पडला. आकडा सांगता येण्यासारखे काही नाही. डॉक्टरांनी त्यांना उपास सोडायला सांगितले नाही, एवढेच विचारले, की उपासाला काय खाता. आता एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन, वर दोन भांडी पाणी पिऊन त्या गोळी घेतात, आणि गोळी घेतली की देवघराशेजारच्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलीने टिंब करतात. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची तपासणी होते. रक्त दिल्यापासून अहवाल येईपर्यंतचे आठ-दहा दिवस त्या कोणाचाही फोन उचलत नाहीत आणि आम्हीही करत नाही. मी दुपारी रामबागेत त्यांच्याकडे जाऊन बसते, भाजी निवडून देते आणि परत येते. सध्या तेच दिवस चालू आहेत, म्हणून आपल्याला उत्तर द्यायला उशीर झाला.