इथे नुसतं बघता येत नाही

पुण्यात कार्यक्रमाला उशिरा पोचलं तर मागे उभं राहून बघावं लागतं. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये उशिरा पोचलं तर लोक आपल्यासाठी कार्यक्रम थांबवून धरतात. हे जास्त वाईट. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावरचं, जेमतेम 25 हजार वस्तीचं हे गाव. उत्तरेला डार्विन सुमारे 1500 किलोमीटर, दक्षिणेला ॲडलेडही तेवढंच. त्यामुळे 'शनिवारी जरा बाहेरगावी गेलो होतो' ही थाप चालत नाही. आहेत त्याच माणसांतून खेळाडू, पंच, सॉसेज भाजणारे आणि टाळ्या वाजवणारे काढायचे. टाळ्यांवर बसवलेला माणूस कधी पळवला जाईल, सांगता येत नाही.

मी म्हसवडचा. आमच्याकडे जत्रेला आलेल्या माणसाने भेळ खावी, पाळण्यात बसावं, घरी जावं. यापलीकडे कुणी काही मागत नाही. त्याच भरवशावर मी इथे आलो.

जूनमध्ये वाळवंटातली फिंक शर्यत असते. मोटारसायकली आणि बग्ग्या 230 किलोमीटर जातात, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच परत येतात. लोक वाटेवर तंबू ठोकून बसतात, आणि दिसते ती धूळ. 'हा पहिल्या नंबरचा', असं जाणकार नुसत्या धुळीवरून सांगतात. मला सरपण गोळा करायला लावलं होतं, त्यामुळे माझी धूळही हुकली.

जुलैत उंटांची शर्यत. एकोणिसाव्या शतकात वाळवंट ओलांडायला कराचीकडून उंट आणि उंटवाले आणले. रेल्वे आणि ट्रक आल्यावर उंट मोकळे सुटले, आणि पुढे शर्यतीला लागले. शर्यत सुरू होताना सगळे उंट बसलेले असतात. इशारा झाला की काही उठतात. उठलेल्यांपैकी काही पळतात, आणि पळणाऱ्यांपैकी काही योग्य दिशेने पळतात. 'तू त्यांच्याच मुलखातला', म्हणून मला एका उंटाला उठवायला पाठवलं. त्याने नातं मान्य केलं नाही.

पण खरा घात ऑगस्टमध्ये. टॉड नदीत नौकांच्या शर्यती होतात, 1962 पासून. नदीत पाणी नसतं. नौकेला तळ नसतो. आत उभं राहायचं, दोन्ही हातांनी काठ धरायचे आणि वाळूतून पळत सुटायचं. ऑफिसातल्या साहेबांनी यादी लावली, तिच्यात माझं नाव होतं. 'मी बघायला येणार होतो', मी म्हणालो. 'आतून जास्त चांगलं दिसतं', ते म्हणाले.

रात्री आईचा फोन आला.

"तुला पवता येत न्हाई, नावंत कशाला बसतोयस?"

"अगं, नदीला पाणीच नाही."

"मग नाव चालती कशी?"

"आम्हीच पळतो, नाव उचलून."

बराच वेळ फोनमधून पंख्याचा आवाज येत राहिला.

"आपल्या माणगंगंला तरी कुठं पाणी असतं? पर म्हणून कुणी नाव घिऊन पळालं का? पगार येळंवर देत्यात न्हवं तिथं?"

नौकेत माझ्यापुढे सहा फुटी इलेक्ट्रिशियन, मागे बेताच्या उंचीचा शाळामास्तर. सगळा तिरपा भार मास्तरांच्या अंगावर, आणि मास्तरांचा राग माझ्या टाचांवर. वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो, काठ बरगडीला घासतो, आणि काठावरची मंडळी 'वल्हवा, वल्हवा' ओरडतात. ती काठावर कशी राहिली, हे मी दरवर्षी विचारतो. पुढच्या शर्यतीत त्यांचा नंबर असतो.

बरं, स्थळं शांतपणे बघावीत, तर पाहुणे आले की गाइड मीच. 'उलुरू तुमच्या जवळच ना?' सिडनीचे मामा विचारतात. उलुरू म्हणजे वाळवंटातला तो प्रसिद्ध प्रचंड लाल खडक, आणि जवळ म्हणजे सुमारे 450 किलोमीटर. वाटेत माउंट कॉनर नावाचा सपाट माथ्याचा डोंगर लागतो. तो दिसला की मामा गाडी थांबवायला लावतात, मामींना उन्हात उभं करून फोटो काढतात, ते फॅमिली ग्रुपवर जातात, वरून 'धन्य झालो' येतं. मग मी सांगतो की उलुरू अजून तासभर पुढे आहे. आधी सांगत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही करमणूक हवी. पुढे गेल्यावर मामांना चढायचं असतं. ती चढाई 2019 च्या ऑक्टोबरपासून बंद आहे, तिथल्या अनंगू लोकांसाठी ते पवित्र स्थान आहे म्हणून. गुडघ्यांच्या वतीने मीही त्यांचा आभारी आहे.

परवा साहेबांनी सहज सांगितलं की 1993 साली नौकांची शर्यत रद्द करावी लागली होती. कारण? नदीला पाणी आलं. तेव्हापासून मी रोज सकाळी हवामानाचा अंदाज बघतो. ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळजवळ नसतोच, तरी आशा सोडलेली नाही. आईला म्हणालो, सिद्धनाथाला सांग, इकडे जरा पाऊस पाड म्हणावं.

"आरं, हितं म्हसवडला टँकर येतोय," आई म्हणाली, "आन् त्यो देव काय तुझी नाव बुडवायला तिकडं यील व्हय?"