बाळंतपण आमच्याच बॅरलात

सांगलीत डास वाढले की शेरीनाल्याला शिव्या घालायच्या, ही आपली जुनी रीत. ती मोडू नका. नाल्याच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात आणि रात्री कानाशी गुणगुणतात, हे खरंच आहे. पण डेंगी आणि चिकुनगुन्या वाटत फिरणारी एडिस इजिप्ती तिथं सहसा फिरकत नाही. तिला तुमच्याआमच्या घरचं स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. पायांत चांदीचे वाळे घातल्यासारखे पांढरे पट्टे, म्हणजे घराणंही बरं दिसतंय. अशी लेक बाळंतपणाला माहेरी आली, तर तिची सोय नीट व्हायला नको?

आधी डोहाळे पुरवा. तिचा नवरा फुलांच्या रसावर भागवतो, रक्ताच्या वाटेला जात नाही. रक्त हिलाच हवं, अंड्यांसाठी. तेही एका जागी बसून पोटभर पिईल असं नाही. आजोबांच्या घोट्याचा घोटभर, त्यांनी हात झटकला की सुनेच्या पोटरीचा, तिथून अभ्यासाला बसलेल्या नातवाचा. हळदीकुंकवाला घरोघर जाऊन यावं तसं. ती चावते दिवसा, त्यातही सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. म्हणून मच्छरदाणी फक्त रात्री लावा, आणि संध्याकाळी हाफ चड्डीवर कट्ट्यावर बसा.

घरात कुणाला डेंगीचा ताप असेल तर त्यालाही शेजारी बसवा, तेवढंच चार माणसांशी बोलणं होतं. त्याचं रक्त प्यायल्यावर विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण 8 ते 12 दिवस घेतो. पुढं मात्र ती जगेल तोवर ज्याला चावेल त्याला लाळेतून प्रसाद. आणि एकदा डेंगी होऊन गेलेल्यांनी तर अगदी निर्धास्त राहावं. त्याचे चार प्रकार आहेत, एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी पुरत नाही, उलट दुसऱ्या खेपेचं दुखणं जास्त बिकट होऊ शकतं. एवढं बारीक कोण बघतंय!

आता बाळंतिणीची खोली. आमचंच सांगतो. गावभागातल्या घरी मोरीशेजारी निळं बॅरल आहे. 2019 च्या महापुरात घराबाहेर पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, असे दिवस काढल्यापासून आमची ही नळावर विश्वास ठेवत नाही. बॅरल काठोकाठच हवं. गेल्या महिन्यात आशाताई बॅटरी घेऊन आल्या.

"काकू, बॅरल बघू द्या की."

"अगं, आत्ता परवा भरलंय. आरशासारखं पाणी आहे."

ताईंनी झाकण उचललं. आरशाला खालून शेपट्या टेकवून, डोकी खाली करून अळ्या लोंबकळत होत्या. उजेड पडला तशा वळवळत तळाला गेल्या, आणि दम संपल्यावर एकेक करत परत वर आल्या.

"गाळ असेल," ही म्हणाली.

ताईंनी पाणी ओतायला लावलं. इथं खरी हुशारी दाखवायची: पाणी ओता, पण आतून घासू नका. अंडी ती पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या जरा वर ओलसर कडेला चिकटवते. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि नवं पाणी भिडलं की फुटतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, कारण आपल्या पावसाळी हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही पंधरवड्यानं पाळा, म्हणजे सगळी लेकरं धडधाकट होऊन उडालेली असतील. फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आणि 'कधीतरी लागेल' म्हणून गच्चीवर ठेवलेलं टायर, या जादाच्या खोल्या. तेवढ्यात गल्लीत धुराची गाडी आणायची मागणी जोरात करा. धुरानं उडते डास मरतात, बॅरलातल्या अळ्यांना साधा ठसकाही लागत नाही, पण गल्लीला काम झाल्यासारखं वाटतं.

जाताना ताई पिशवीतून गप्पी मासे देऊन गेल्या. अळ्या खातात, मागच्या हौदात सोडा म्हणाल्या. नातवाला फार आवडले. त्यानं ते काचेच्या बरणीत घालून टीव्हीशेजारी ठेवलेत आणि ब्रेडचा चुरा खायला घालतो. बॅरल हिनं त्याच संध्याकाळी परत भरलं. काठोकाठ.