कवट्या, प्रश्नावल्या आणि बर्लिन

सकाळीच एका ग्रुपवर वाचलं, 'समाजशास्त्र? नोट्स पाठ करा, पेपर लिहा, झालं.' डोकंच फिरलं. या लोकांना समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे फक्त 'युगान्त'पुरत्या माहीत!

बाई १९२८ ला बर्लिनला गेल्या. तिथल्या डालेम भागात, इने-श्ट्रासे या रस्त्यावरच्या मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत बसल्या. कवटीची असमान ठेवण वंशावर ठरते, हे फिशरचं गृहीतक. बाईंनी मापं घेतली आणि लिहून दिलं, असा संबंध दिसत नाही. गुरूच्या तोंडावर!

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर शहराचे पूर्व आणि पश्चिम असे तुकडे झाले. जुनं विद्यापीठ सोव्हिएत हद्दीत राहिलं. तिथल्या दडपशाहीला विटलेल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १९४८ ला डालेममध्ये फ्री युनिव्हर्सिटी काढली. फिशरच्या संस्थेची इमारत पुढे तिच्याच राज्यशास्त्राकडे आली. कम्युनिस्ट पूर्वेत समाजशास्त्र 'बुर्झ्वा', म्हणजे भांडवलदारी, ठरलं. मार्क्सवाद आहे ना, मग वेगळं शास्त्र कशाला? १९६१ ला शहराच्या मधे भिंत झाली, आणि मग सत्ताधारी पक्षालाच कळेना, लोकांच्या मनात काय चाललंय. १९६४ ला पक्षाच्या केंद्रीय समितीने स्वतःचीच जनमत संस्था काढली.

अशा ठिकाणी प्रश्नावली कशी फसते ते बघा. प्रश्नांचे कागद वाटणारा पक्षाचा माणूस असला की 'समाधानी आहात का?'ला सगळे 'हो' म्हणतात. नाव काढून टाकलं तरी भागत नाही. आठ जणांच्या खात्यात वय, लिंग आणि हुद्दा विचारला की माणूस सापडलाच. म्हणून वय दहा-दहा वर्षांच्या गटात घ्यायचं, हुद्दा गाळायचा, मोकळ्या उत्तरांच्या जागा कमी ठेवायच्या (अक्षर ओळखू येतं), आणि कागद बंद पेटीत टाकायला सांगायचं. एवढं करूनही 'माहीत नाही'वाले वाढले तर ते नुसतं अज्ञान नव्हे, भीतीही असू शकते. आता सांगा, हे पाठ करून येतं?

बरं बाबा, पश्चिमेतही सगळं सोवळं नव्हतं. फ्री युनिव्हर्सिटीच्या इमारतींना फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता. पण तिथे निष्कर्ष छापता यायचे, त्यावर भांडता यायचं. पूर्वेत अहवालावर गोपनीयतेचा शिक्का, वाचणारे मोजके.

पुन्हा बाईच आठवतात. फिशरच्या गृहीतकाविरुद्ध जाऊनही त्यांना पदवी मिळाली, आणि १९३९ पासून पुण्यात डेक्कन कॉलेजात त्या शिकवू लागल्या. पक्षाची जनमत संस्था मात्र १९७९ ला बंद केली, कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम काढून.