माझ्या मागे कोण?

निघायच्या आदल्या आठवड्यात मी सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून टाकले. वजन कमी करायला. काट्यावर ठेवले तर दोन्ही मिळून अर्धा किलोही भरेनात. त्याच महिन्यात माझं स्वतःचं वजन दोन किलोंनी वाढलं होतं, पण ते पान्याने निघत नाही.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी 110 किलोमीटर जायचं होतं. आम्ही पाच जण. आदल्या रात्री पाच फोनांत हवामानाचे पाच अंदाज निघाले, त्यातला सूर्याचं चित्र असलेला आम्ही एकमताने निवडला. सकाळी दहाव्या किलोमीटरला पाऊस सुरू झाला आणि दिवसभर त्याने आमची साथ सोडली नाही.

पाऊस वरून पडतो, असं पायी चालणाऱ्यांना वाटतं. मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटरने खाली येतो आणि आपण ताशी वीसने पुढे जात असतो, त्यामुळे सरळ पडणारा पाऊससुद्धा सायकलवाल्याला थेट तोंडावर भेटतो. लवकर पोहोचायला वेग वाढवावा, तर तो आणखी जोरात भेटतो. चष्मा घातला तर समोरचं दिसत नाही, काढला तर डोळे उघडत नाहीत. रेनकोटाबद्दल एवढंच सांगतो की बाहेरून पाऊस आणि आतून घाम यांची गाठ साधारण अर्ध्या तासात पडते.

हे सगळं वरचं पाणी. खालचं पाणी माझं एकट्याचं होतं. मडगार्ड नसलेलं मागचं चाक रस्त्यावरचा चिखल उचलून मालकाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत रेघ ओढतं. खारीच्या पाठीवर निदान रामाची बोटं तरी उमटली होती! उरलेला चिखल मागच्याच्या तोंडावर जातो. माझ्या मागे काका होते, आमच्यातले सगळ्यात मोठे. वीस मिनिटं त्यांनी सोसलं, मग शेजारी येऊन शांतपणे म्हणाले, "चव वाईट नाही रे, पण पोट भरलं." लगेच चौघांची चालत्या सायकलींवर सभा झाली आणि मला शेवटी जायला सांगण्यात आलं.

शेवटच्याचं एक असतं. त्याला काही झालं तर कोणाला कळत नाही.

पावसात काचा, खडे, तारा रस्त्यावर वाहून येतात आणि ओलं रबर लवकर चिरतं. माझं मागचं चाक बसलं. मी ओरडलो. चार पाठी उतारावरून निघून गेल्या. फोन काढला, पण ओल्या बोटांना तो दाद देईना. नाकाने प्रयत्न केला, नाकही ओलंच. अंगावर पुसायला कोरडं काही नव्हतं. शेवटी बॅगेच्या तळातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून उद्याची चड्डी काढली आणि तिने फोन पुसला. फोन लागला. चौघांचेही फोन आपापल्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेले असल्यामुळे एकानेही उचलला नाही.

ओल्या ट्यूबवर पॅच चिकटत नाही, हे मी तीन पॅच घालवून शिकलो. मग जवळची दुसरी ट्यूब घालायचं ठरवलं. आधी टायरमधली काच शोधायची असते. माझ्या बोटाला ती पहिल्याच फेरीत सापडली. बोटाला पॅचचा उरलेला कागद गुंडाळून छोट्या पंपाने हवा भरत होतो, तेवढ्यात मंडळी परत आली. पाऊण तासाने.

"कसं कळलं?" मी विचारलं.

"बराच वेळ कोणी कुरकुरेना," काका म्हणाले, "तेव्हा शंका आली."

त्यानंतर ते चौघे माझ्याभोवती उभे राहिले आणि पंप कसा धरावा यावर चार मतं देऊ लागले. पंप मात्र माझ्याच हातात राहिला.

पुढच्या प्रवासाची फारशी आठवण नाही. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी तो नुसता पाणी पुसतो आणि मग सावकाश कामाला लागतो, हे एका म्हशीच्या अगदी जवळ जाऊन कळलं, एवढं लक्षात आहे. रात्री बुटांत वर्तमानपत्रं कोंबली आणि झोपलो.

सकाळी लख्ख ऊन. चेनवर रातोरात तांबूस गंज चढलेला. रस्ता कोरडा, आणि समोरून सोसाट्याचा वारा. अशा वाऱ्यात पुढच्याच्या आडोशाने गेलं की मागच्याची बरीच ताकद वाचते.

मी सवयीने शेवटी जाऊन उभा राहिलो. चौघांपैकी कोणी हलेना.

"अरे, तू मागे कशाला?" काका प्रेमाने म्हणाले. "ये, पुढे ये. आज आम्ही तुझ्या मागे."