छोट्या कॅमेऱ्यात खोबरेल सोडू नका: त्या फॉरवर्डला उत्तर

"आजोबांच्या कपाटातला काडेपेटीएवढा कॅमेरा फेकू नका!" अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. खाली सूचनांची माळ आहे. हा पोर्तुगीज काळातल्या हेरांचा कॅमेरा असून लाखांना जातो. लेन्स टूथपेस्टने पुसा. शटर अडकत असेल तर खोबरेलाचे थेंब सोडा. बुरशी येऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात कपाटात झिरोचा बल्ब लावा. याची बॅटरी आणि फिल्म दोन्ही बंद झाल्यात, तेव्हा वापरायच्या भानगडीत पडू नका, सोबतच्या प्लास्टिकच्या डब्या फेकून द्या. शेवटी "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा" हे आलंच.

माझ्या डिचोलीच्या आतेपर्यंत तो पोचला. आतोबा बोटीवर होते तेव्हा त्यांनी आणलेला मिनोल्टा-१६ हा छोटा जपानी कॅमेरा तिने इतकी वर्षं जिवापाड जपला होता. मेसेज वाचून तिने काडीने त्यात खोबरेल सोडलं आणि मग मला फोन केला. "अगो, बटण दाबलं की आत चिकटल्यासारखं होतंय, असंच असतं काय?" नाही आते, असं नसतं. ज्याने कधी असा कॅमेरा उघडून पाहिलेला नाही, त्याने हे लिहिलंय आणि शेकडो जणांनी न वाचताच पुढे ढकललंय.

हेरांचा मुद्दा पटकन संपवते. अर्धसत्य आहे ते. हेरांनी वापरला म्हणून जगभर नाव झालं ते मिनॉक्स या चिमुकल्या कॅमेऱ्याचं. त्याची रचना वाल्टर झॅप यांची, तो लाटव्हियातल्या रिगा शहरात बनू लागला आणि १९३८ च्या सुमारास बाजारात आला. त्याचं निगेटिव्ह अवघं ८ गुणिले ११ मिलिमीटर. तो २० सेंटिमीटरपर्यंत जवळचं टिपतो आणि त्याच्या साखळीवर अंतराच्या खुणा असतात, त्यामुळे कागदपत्रांचे फोटो काढायला तो सोयीचा. इथवर खरं. पण आपल्याकडच्या घरांत सापडतात ते बहुतेक मिनॉक्स नव्हेतच. १६ मिलिमीटर फिल्मचे जपानी कॅमेरे असतात, नाहीतर '११०' नावाची छोटी फिल्म-कॅसेट लागणारे नंतरचे कॅमेरे. आतेकडचा मिनोल्टा-१६ दुसऱ्या मॉडेलचा, ते १९६० सालचं. त्याचा फोकस बदलता येत नाही, तो एका अंतरावर कायमचा बांधलेला. जवळचं टिपायचं वेगळं भिंग न लावता त्याने टेबलावरचा कागद टिपायला जाल तर अक्षर वाचता येणार नाही. मिनोल्टा-१६ तर निळ्या, हिरव्या, लाल, सोनेरी रंगांतही विकले गेले. सहलीला खिशात टाकून न्यायची वस्तू होती ती. गोव्यात असा माल आधी पोर्तुगीज अमलातल्या आयातीतून आला, नंतर तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, आणि आखातात गेलेल्यांच्या बॅगांतून. साधा मिनोल्टा-१६ आजही हजारांत मिळतो. लाखांचं आमिष दाखवून कोणी आधी 'तपासणी फी' मागितली तर फोन ठेवून द्या.

आता खोबरेल. माझा राग याच मुद्द्यावर आहे, कारण याने अख्खा कॅमेराच जायची वेळ येते.

या कॅमेऱ्याच्या शटरची पाती कागदाहून फार जाड नसतात आणि ती कोरडी चालायची असतात. मिनोल्टाच्या या मॉडेलमध्ये शटर १/३० पासून १/५०० सेकंदापर्यंत धावतं आणि त्याला पळवणारी स्प्रिंग नखाएवढी. दोन पातळ पत्र्यांमध्ये तेल शिरलं की ती एकमेकांना धरून बसतात. ओल्या फरशीवर काच ठेवली की ती उचलताना जोर लागतो ना, तसं. इवल्याशा स्प्रिंगला तो जोर पेलत नाही. शिवाय तेल टाकलं तिथे थांबत नाही. ते पसरत पसरत लेन्सच्या आतल्या बाजूला जातं आणि तिथे एक धूसर थर धरतं, जो बाहेरून कितीही पुसला तरी निघत नाही. त्यावर धूळ बसते. कालांतराने तेल खवट होऊन चिकटतं.

आणि त्यातही खोबरेल! ते साधारण २४ अंशांच्या आसपास थिजतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जानेवारीच्या पहाटे न्हाणीतली तेलाची बाटली पांढरी झालेली प्रत्येकाने पाहिली आहे. तेच तेल शटरच्या पात्यांत असेल तर पहाटे तिथेही तेच होणार. मे महिन्यात कसंबसं चाललेलं शटर चवथीपर्यंत टिकलं, म्हणून मेसेज खरा ठरत नाही.

मुळात अशी शटरं आळसावतात ती तेल संपलं म्हणून नव्हे. कारखान्यात गिअरांना लावलेलं ग्रीस वर्षानुवर्षं सुकून गोंदासारखं होतं आणि त्यात न वापरल्याची भर पडते. जुनं ग्रीस काढायला हवं, त्यावर नवं तेल ओतून काय होणार? बरं, आधी शटर खरंच मंदावलंय का, तेही कोणी बघत नाही. बघायला पैसे लागत नाहीत. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचं झाकण उघडा, समोर खिडकीचा उजेड धरा, फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा आणि १/३० वर शटर मारा. उजेड साधारण आठ फ्रेम दिसला तर शटर ठणठणीत आहे. पंधरा-वीस फ्रेम दिसला तर मंदावलंय. तेव्हाही आधी कॅमेरा नुसता उघडझाप करून पाहा, प्रत्येक वेगावर पुन्हा पुन्हा शटर मारा. कित्येक कॅमेरे एवढ्यानेच मोकळे होतात. नाही झाला तर उघडणाऱ्या माणसाकडे न्या.

ज्यांनी तेल आधीच टाकलंय त्यांच्यासाठी: बटण दाबत बसू नका, दर दाबण्यासोबत तेल आत सरकतं. उन्हात ठेवून 'सुकवू' नका, उष्णतेने ते आणखी पातळ होऊन लेन्सकडे जाईल. पुढून स्पिरिट किंवा गंज काढायचा स्प्रे तर अजिबात मारू नका. कॅमेरा स्वच्छ कागदात गुंडाळा आणि जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांची शटरं उघडून पाती धुणाऱ्या माणसाकडे द्या. जवळपास कोणी नसेल तर तसाच ठेवा. न उघडलेला, तेल लागलेला कॅमेरा पुढेमागे दुरुस्त होऊ शकतो. घरी स्क्रू ड्रायव्हर लावून स्प्रिंग उडालेला होत नाही.

तांदळाचा डबा हा दुसरा मूर्खपणा. ओला फोन तांदळात खुपसायची जी टूम निघाली तिचाच हा अवतार. जून ते सप्टेंबर आपल्या स्वयंपाकघरातली हवा दमट असते आणि डब्यातले उकडे तांदूळ त्या हवेतला दमटपणा आधीच पिऊन बसलेले असतात. ते आणखी काय शोषणार? उलट तांदळाचा भुगा आणि कोंडा कॅमेऱ्याच्या फटींत जातो, आणि बुरशीला खायला हेच तर लागतं. पावसात डब्यात होणारे किडे वेगळेच.

बुरशीबद्दल अंदाजाने बोलायची गरजच नाही. लेन्स बनवणाऱ्या झाईस कंपनीने तिच्याबद्दल स्पष्ट लिहून ठेवलं आहे: तीन दिवसांहून जास्त काळ सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली, हवा खेळती नसली, अंधार असला आणि धूळ, तंतू, ग्रीस असं काही खायला मिळालं, की बुरशी धरते. त्यासाठी लागणारं तापमान १० ते ३५ अंश, म्हणजे आपलं बाराही महिन्यांचं. उपाय म्हणून ते आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवायला सांगतात, पण ३० च्या खाली नको, कारण फार कोरडेपणानेही यंत्राचं नुकसान होतं. आता हे निकष गोव्याच्या आषाढाला लावून बघा. चामड्याच्या पाऊचमध्ये, लाकडी कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवलेला कॅमेरा यातली एकही अट चुकवत नाही. म्हणून कॅमेरा त्या चामड्याच्या पाऊचमधून आधी बाहेर काढा. आठवण म्हणून पाऊच ठेवायचं तर वेगळं ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा नारिंगी करायचे. एवढंच काम आहे आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

बल्बचं मात्र मान्य करावं लागतं. या एका मुद्द्यावर मेसेज बरोबर आहे, आणि आपल्या जुन्या माणसांना ते आधीपासून ठाऊक होतं. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांवरची ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा बंद कपाटात ३२ अंशांवर नेली तर आकडा साधारण ६४ वर येतो. बुरशीची ७० ची रेघ त्याच्या वर राहते. पण हे जमतं ते तारेच्या, हाताला चटका देणाऱ्या बल्बाने. आज दुकानात झिरो म्हणून एलईडी मिळतो आणि तो जवळजवळ तापतच नाही. तो लावून कपाट उजळेल, सुकणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ऐकीव गोष्ट लिहिली, तिच्यामागचं कारण त्याला माहीत नाही, म्हणून हे त्यात आलं नाही. आणि तारेचा बल्ब लावाल तेव्हा तो कपड्यांपासून, कागदांपासून लांब हवा, वायर धड हवी. नाहीतर बुरशी परवडली.

टूथपेस्टबद्दल काय लिहायचं? तिच्यात घासणारे कण असतात, म्हणून तर दात स्वच्छ होतात. लेन्सवरचं कोटिंग त्या कणांनी खरवडून निघतं आणि परत येत नाही. फुंकणीने धूळ उडवा, मऊ ब्रश फिरवा, बोटाचा डाग असेल तरच लेन्सच्या कागदाला लेन्सचंच द्रावण लावून हलकेच टिपा.

बॅटरीचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. मिनोल्टा-१६ च्या या मॉडेलला बॅटरी लागतच नाही. मिनॉक्स बी ला प्रकाशमापक आहे, पण तो सेलेनियमचा, उजेडावरच चालतो. उजेडात आणि दमट हवेत वर्षानुवर्षं उघडा राहिला तर तो मंद होतो, म्हणून त्याचं वाचन फोनमधल्या मापकाशी ताडून पाहावं. बॅटरीवाले मिनॉक्स नंतरचे, आणि त्यांतल्या काहींच्या जुन्या पाऱ्याच्या बॅटरीची जागा चार बटण सेल घेऊ शकतात.

उरला प्रश्न फिल्मचा. "फिल्म बंद" हे सरसकट खोटं आहे. ११० ची कॅसेट लोमोग्राफीने २०१२ पासून पुन्हा काढली आहे, त्यामुळे कोडॅकचे पॉकेट इन्स्टामॅटिक असोत की पेंटॅक्सचा ऑटो ११०, यांतले बरेच कॅमेरे चालू शकतात. मिनॉक्ससाठी ३५ मिमीच्या फिल्मवरून ९.२ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापतात. आणि मिनोल्टा-१६ ला लागते ती १६ मिलिमीटरची फिल्म, जी सिनेमासाठी कोडॅक आजही बनवतं. त्याचं १० गुणिले १४ मिलिमीटरचं चित्र दोन्ही कडांच्या भोकांच्या मधोमध बसतं, त्यामुळे भोकांची फिल्मही चालते. शंभर फुटांच्या एका रिळातून दीड-दीड फुटाचे साठाहून जास्त तुकडे निघतात. निगेटिव्ह लहान म्हणजे पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटलाही दहापट मोठं करावं लागतं, त्यामुळे दाणा आणि धूळ दिसते, हे खरंच. मंद वेगाची फिल्म घ्यावी, भर उन्हात फोटो काढावेत, पोस्टकार्डावर समाधान मानावं. आतोबांनी काढलेले म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचे फोटो त्याच आकाराचे आहेत आणि त्यात मिरचीवाल्या बाईच्या हातातल्या बांगड्या मोजता येतात.

ती फिल्म भरायची कशात, तर मेसेजने फेकून द्यायला सांगितलेल्या त्या प्लास्टिकच्या डब्यांत. ही सूचना वाचून माझं डोकंच फिरलं. दोन कप्पे आणि मध्ये पट्टी अशी ती कॅसेट कंपनी आता बनवत नाही, आणि तशा कॅसेटशिवाय कॅमेऱ्यात फिल्म बसत नाही. ती पुन्हा भरता येते. पूर्ण अंधारात झाकण नखाने सावकाश उचलायचं, फिल्मचं एक टोक चिकटपट्टीने रिळाला लावायचं, उरलेली गुंडाळी दुसऱ्या कप्प्यात सैल सोडायची, झाकण दाबून बसवायचं. लाल दिवाही चालत नाही, बहुतेक फिल्मना लाल उजेड दिसतो. जोर लावला तर जुनं प्लास्टिक तडकतं, म्हणून आधी उजेडात रिकाम्या कॅसेटवर हात बसवून घ्या. घरात अशा डब्या असतील, वापरलेल्या असोत की आत जुनी फिल्म अडकलेली असो, एकही टाकू नका. तुम्हाला नको असतील तर कॅमेऱ्यासोबत ठेवा, म्हणजे तो ज्याच्या हाती जाईल त्याला फोटो काढता येतील.