बँका विकायच्या आधी १९५४ चा अहवाल तरी वाचा

सरकारी बँका विकून टाका, हे आता इतक्या सहज बोललं जातं की राहवत नाही म्हणून लिहितोय. त्या सरकारी झाल्याच का, याचं एकच उत्तर ऐकू येतं: इंदिरा गांधींचा राजकीय डाव. डाव होताच. मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं आणि तीनच दिवसांत, १९ जुलै १९६९ ला, वटहुकूम काढून ५० कोटींहून जास्त ठेवींच्या १४ बँका ताब्यात घेतल्या. आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात होती.

पण मूळ दुखणं जुनं होतं. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली माजी सनदी अधिकारी ए. डी. गोरवालांची समिती नेमली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य. खेड्यातल्या माणसाला कर्ज देतं कोण, याचा देशभर शोध घेतला. १९५४ चा अहवाल सांगतो की १०० रुपये कर्जातले साधारण ७० सावकाराचे, सहकारी संस्थांचे जेमतेम ३, आणि व्यापारी बँकांचा पुरता १ रुपयासुद्धा नाही! या अहवालामुळेच १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन थेट कायद्यातच घातलं गेलं.

खाजगी बँका तेव्हा काय करत होत्या? बड्या बँका उद्योगसमूहांच्या हातात. ठेवी गावच्या, कर्जं संचालकांच्या गोतावळ्यात. १९६० मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठे १९६२ पासून ठेवींना विमा आला. तोही फक्त १,५०० रुपयांपर्यंत.

राष्ट्रीयीकरणानंतर गाडगीळांच्याच अभ्यासगटाने सुचवलं की जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाका. त्यातून अग्रणी बँक योजना आली. १९६९ ला देशात सगळ्या मिळून ८ हजारांच्या आसपास शाखा होत्या, १९९१ पर्यंत ६० हजारांवर गेल्या. आमच्यासारख्या गावांत पासबुक नावाची वस्तू पोचली ती यामुळेच.

सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही. कर्जमेळाव्यांत, म्हणजे जाहीर कार्यक्रमात सरसकट कर्जं वाटण्यात, पैसे उधळले गेले, पुढे बड्या उद्योगांची थकीत कर्जं डोईजड झाली, वरून आलेल्या फोनवर कर्जं मंजूर झाली. याचा मला मनापासून संताप आहे. पण खाजगी मालक आला की हे थांबतं, यावर माझा विश्वास नाही. २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली तेव्हा सावरायला पुढे कोणाला केलं? स्टेट बँकेलाच.

तरीही विकायचीच असेल तर १९५५ सारखी अट घाला. कोणत्या दुर्गम तालुक्यात किती शाखा चालवायच्या आणि लहान शेतकऱ्याला किती कर्ज द्यायचं, हे विक्रीच्या कागदातच लिहा. ही अट मान्य करून कोण खरेदीदार पुढे येतो, ते मला पाहायचंय.